तिसरा चेंडू

सुनंदाबाईंनी जन्मभर चूल फुंकली. घरात गॅस आला तरी भाकरी चुलीवरच. त्यामुळं दवाखान्यातून श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं, तशी त्यांनी नळी तोंडात धरून अशी फुंकर मारली की बस्स! चेंडू ढिम्म.

“अवं, आत ओढायचं, आत!” त्यांच्या नवऱ्यानं, जीवरामभाऊंनी कपाळावर हात मारला. “गावरान आंबा चोखते ना, तसं.”

सुनंदाबाईंच्या किडनीतली कॅन्सरची गाठ मागल्या वर्षी किडनीसकट काढली होती. आता त्याच रोगाच्या दोन गाठी फुफ्फुसात निघाल्या. डॉक्टर म्हणाले, आधी छाती तयार करा, मग ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर श्वास भरून घेतला नाही, तर न्यूमोनिया जिवावर बेतेल.

भाऊंनी मग पैजच लावली. लेक मोहिनीकडून आपल्यासाठी दुसरं यंत्र मागवलं. संध्याकाळी केळीच्या बागेतून आले की दोघं ओट्यावर समोरासमोर. भाऊ गाल आत जाईस्तोवर ओढायचे. दोन चेंडू वर, तिसरा जागेवरच. “छाती म्हातारी झाली तुमची,” म्हणत सुनंदाबाईंनी एक दिवस तिसराही उचलला आणि गल्लीभर सांगत सुटल्या.

जळगावात ऑपरेशन नीट पार पडलं. गाठी निघाल्या. पण छातीत नळी, श्वासागणिक कळ. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंनी यंत्र बाजूला सारलं. “नको. मले पडू द्या.” नर्स रागावली, मोहिनी रडली. त्या काही ऐकेनात.

भाऊंनी पिशवीतून आपलं यंत्र काढलं आणि ओढलं. तिन्ही चेंडू टपाटप वर गेले आणि तिथंच राहिले.

सुनंदाबाई बघतच राहिल्या. “हे कधी जमलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“लबाड माणूस! मग घरी रोज हरत होते ते?”

“तू जिंकली की हसायची.” भाऊंनी तिनं बाजूला सारलेलं यंत्र उचललं. “आता मले खरंच हरव, सुनंदा. एकट्यानं जिंकून मी काय करू?”

उभ्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती.

“द्या इकडं,” सुनंदाबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी कळ सोसून श्वास ओढला. पहिला चेंडू थरथरला, उठला.

“हा एक,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “उद्या बघते तुमच्याकडं.”