दोनशे बारा तांबडी

सव्वीस वर्षांच्या कारकुनीत महालिंगआप्पांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. दुसऱ्याचा रिकामा दिसला, तर चारचौघांत त्याची हजामत केल्याशिवाय त्यालाही सोडलं नव्हतं. ब्याण्णव साली ताडकळसच्या दूध सोसायटीत कॉम्प्युटर आला, तरी सवय तीच.

सोमवारी सभासदांच्या दोनशे बारा जनावरांना लस टोचून झाली. एकेक नोंद उघडून तारीख घालत बसण्यापेक्षा, सगळ्यांवर खूण करून एकच तक्ता उघडायची सोय कॉम्प्युटरात होती; तक्त्यात घालावं ते सगळ्या नोंदींत जायचं. आप्पांनी तो उघडला. रकाने मोजकेच होते; जे सगळ्यांचं सारखं, ते भरलेलं दिसत होतं. जे ज्याचं त्याचं वेगळं, तिथं कॉम्प्युटरनं कोरं ठेवलं होतं. आप्पांना वाटलं, भरायचं राहिलंय. त्यांनी तारीख घातली, खिडकीबाहेरच्या गायीकडं बघितलं आणि उरलेल्या रंगापुढं ‘तांबडा’ घालून मोकळे झाले.

बुधवारी कडूबाई धापा टाकत आली. तिची म्हैस कोंडवाड्यात अडकली होती, बारा वाजता लिलाव होता. मालकीचा दाखला पाहिजे होता. आप्पांनी छापून दिला.

तिनं तो स्वतःच बोट फिरवत वाचला. “आप्पा, तांबडी म्हैस तुमी कुठं पाह्यली?”

आप्पांनी दुसरी नोंद उघडली. तांबडा. तिसरी, तांबडा. धुरपताबाईचा पांढराशुभ्र गोऱ्हा, तोही तांबडा. चौथी उघडणार तेवढ्यात लाईट गेली.

“कवा येती?”

“दोनला.”

सव्वाअकरा झाले होते. आप्पा उठले, बसले, पुन्हा उठले. यंत्र बिघडलंय म्हणून लिहावं, तर कोंडवाड्याचा दत्तराव अख्खा दाखलाच खोटा ठरवणार.

“लिहा की कायतरी. तिकडं गिऱ्हाईक म्हशीचे दात बघायलंय.”

आप्पांनी पेन उघडलं, मिटलं, उघडलं. दाखल्यावरच लिहिलं: ‘रंग काळा वाचावा. यंत्र ठीक आहे. चूक माझी.’ खाली सही.

हा कागद दुसऱ्याच्या हाती द्यायला मन धजेना, म्हणून ते स्वतःच तिच्यासोबत गेले. दत्तरावानं तो मोठ्यानं वाचला, दोनदा.

“सव्वीस वर्सांनी घावलात, आप्पा.”

“म्हैस सोड.”

म्हैस सुटली. कडूबाई तिला भर बाजारातून घेऊन गेली, आणि तोंड काही मिटून गेली नाही. आप्पा परतले तेव्हा सोसायटीच्या दारात नऊजण उभे होते. पुढं धुरपताबाई.

“माझा गोऱ्हा कोण्या रंगाचा हाय म्हणं?”

लाईट आलेली नव्हती. आप्पांनी कोरा ताव काढला. “तुमीच सांगा,” ते म्हणाले, “एकेकानं.”