सोबतीची पाळी

मावशींनी पैशांचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, जरा लांबून पाहिला आणि उचलून कडेला, पाण्याच्या तांब्यामागे सरकवला. तिथे तो फारच चोरट्यासारखा दिसायला लागला, म्हणून परत मधोमध आणला.

"अहो मावशी, राहू द्या की कुठेतरी," औषधवाला खुर्च्या मांडता मांडता म्हणाला. "डबा बघून कुणी पळून जाणार नाही. पळायचं असेल तर मास्तरांचं भाषण ऐकून पळतील."

मावशी हसल्या नाहीत. त्या चोळीपासून कोटापर्यंत सगळं उसवून नीट करून देणाऱ्या बाई. आयुष्यभर गिऱ्हाइकांकडून शिलाई मागतानाही त्यांची जीभ अडखळायची. आणि आज मागायचं होतं ते आपल्याच माणसांकडे.

खोली औषधाच्या दुकानामागची, रुग्णालयाच्या फाटकासमोर. सोबत मंडळाची इथली शाखा म्हणजे ही खोली, एक फोन आणि दहा-बारा माणसं. ज्याचं कुणी नाही, किंवा असून वेळेवर पोचत नाही, असा माणूस जायला लागला की रुग्णालयातून फोन यायचा, आणि इथून कुणीतरी उठून त्याच्याजवळ जाऊन बसायचं. बस्स, एवढंच काम. त्याचे नियमही मोजकेच होते. बसल्यावर स्वतःचा फोन बंद. माणूस जाईपर्यंत मध्ये उठायचं नाही. आणि कुणाजवळ बसलो, तो काय बोलला, हे बाहेर कुणाला, अगदी एकमेकांनाही, सांगायचं नाही.

आता मंडळाच्या मुख्य कचेरीने हात वर केले होते. खोलीचं भाडं, फोनचं बिल ज्या त्या शाखेने आपलं आपण बघावं, नाहीतर शाखा मिटवावी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. म्हणून शाखा चालवणाऱ्या मास्तरांनी सभा बोलावली होती, आणि चार दिवसांपूर्वी मावशींच्या दुकानात येऊन म्हणाले होते, "मी बोललो तर हिशेब होईल. तुम्ही बोला. घड्याळजींच्या शेवटच्या वेळेचं सांगा. शेवटी जवळ आपलं माणूस असणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कोण सांगणार?"

घड्याळजी म्हणजे मावशींचे यजमान. त्यांना जाऊन दोन महिने होत आले होते.

मावशी "बरं" म्हणाल्या होत्या, ते वेगळ्याच कारणाने. दोन महिने त्यांच्या घशात जे अडकलं होतं ते आज सगळ्यांसमोर बाहेर काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आधी खरं बोलायचं, मग पैसे मागायचे. कारण घड्याळजी गेले तेव्हा मावशी त्यांच्याजवळ नव्हत्याच.

झालं होतं ते असं. घड्याळजी तिसऱ्या मजल्यावर, छातीच्या दुखण्याने. पण दोन दिवसांत घरी सोडणार, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि माणूस चेष्टेवर आला होता. दुपारी मावशी औषध आणायला खाली निघाल्या तर म्हणाले, "सावकाश ये. मी काय पळून जातोय?" परत येताना तळमजल्यावर नर्सने त्यांना जिन्यापाशी गाठलं. एक गवंडी होता, परक्या गावचा, अगदी शेवटाला आलेला, जवळ चिटपाखरू नाही. "तुम्ही आहातच, तर तुम्हीच टेका, मावशी." मावशी टेकल्या. फोन बंद केला. गवंड्याने त्यांची करंगळी धरली, आणि मग उठायचं कसं? त्याने करंगळी सोडली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या वर गेल्या तर घड्याळजींच्या खाटेभोवती पडदा ओढलेला.

मंडळी धावत आली तेव्हा मावशी खाटेशी बसलेल्या दिसल्या. "भाग्यवान हो मावशी, हातात हात घेऊन गेला माणूस," असं कुणीतरी म्हणालं. मावशींच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशी फुटला नाही तो नाहीच फुटला, आणि लोक भाग्यवान, भाग्यवान म्हणत राहिले.

सभा भरली. मास्तर उभे राहिले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, अंगाने काडी, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी मुख्य कचेरीचा निरोप सांगितला.

"म्हणजे वेळ आमचा, जागरणं आमची, आणि पैसेही आमचेच?" बेकरीवाला म्हणाला. "मास्तर, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपली ना नाही. पण पीठही आपलंच?"

"भट्टीसुद्धा तुझीच," औषधवाला म्हणाला. हसणं झालं. पण हसून झाल्यावर सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. डब्याकडे कुणाचा हात गेला नाही.

"कुरकुर करा, तुमचा हक्क आहे," मास्तर म्हणाले. "पण ही खोली कशासाठी आहे ते विसरू नका. आता घड्याळजींचंच घ्या. त्या दुपारी फोन मीच उचलला होता. तिसरा मजला, माणूस चालला आहे, जवळ कुणी नाही, पाठवा कुणाला तरी. नाव ऐकलं आणि मी म्हटलं, अहो, ते आमच्या मावशींचे यजमान! मावशी तिथेच असतील, पाणी आणायला गेल्या असतील. त्यांना सोडून त्या हलायच्या नाहीत, काळजी सोडा. हा बेकरीवाला इथेच चहा पीत बसला होता, उठलासुद्धा. मी म्हटलं, बस. आपल्या माणसाला आपण सोबत काय पाठवायची?"

"खरंच उठलो होतो," बेकरीवाला म्हणाला.

मावशींनी टेबलाची कड धरली. फोन आला होता. त्यांना वाटत होतं, कुणाला कळलंच नसेल, झोपेत गेले असतील. फोन आला होता, आणि माणूस उठलाही होता, आणि त्याला खाली बसवलं होतं. फाटक ओलांडून जिने चढायला असा कितीसा वेळ लागतो?

"बोला मावशी," मास्तर म्हणाले आणि बसले.

मावशी उभ्या राहिल्या. राग आला होता, नाही कशाला म्हणा. असा की डबा उचलून भिंतीवर मारावा. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मान वर करून, एखादं पोर गोष्ट ऐकायला बसावं तसे बसले होते. याच रुग्णालयात त्यांची बायको एकटी गेली होती. ते तेव्हा वर्गात फळ्यावर कमळ काढून दाखवत होते. त्या दुःखातून त्यांनी ही शाखा काढली, सायकलवरून दारोदार फिरून माणसं जमवली. मावशींनी आता तोंड उघडलं असतं तर म्हातारा या खुर्चीतून उठला नसता. मग कसली शाखा आणि कसलं काय.

"त्यांनी खिडकी उघडायला सांगितली," मावशी म्हणाल्या.

मागच्या खुर्च्या पुढे सरकल्या.

"मी उघडली. मग त्यांनी माझी करंगळी धरली. हात नाही, करंगळीच. लहान मुलं बाजारात धरतात तशी. विचारलं, बाहेर ऊन आहे का? मी म्हटलं, आहे, चांगलं कडक आहे. तर म्हणाले, मग वाळेल."

बोलून गेल्यावर मावशींच्या लक्षात आलं. ते शब्द गवंड्याचे होते. मंडळाचा नियम तर मोडलाच, पण दुसऱ्या कुठल्या शेवटच्या वेळेचं सांगणार? त्या दुपारची त्यांच्याजवळ ती एवढीच होती.

"काय वाळेल?" कुणीतरी हळूच विचारलं.

"ते नाही कळलं."

"कपडे," औषधवाला म्हणाला. "तुम्ही त्यांचे कपडे धुऊन वाळत घालायचात ना तिथल्या गच्चीवर? शेवटपर्यंत बायकोच्या कामाची काळजी हो."

"हो," मावशी म्हणाल्या. "कपडेच असतील." आणि मग त्यांना रडू आलं ते आवरेना. किती दिवसांचं होतं कोण जाणे. पदर तोंडाशी धरून त्या कशाबशा म्हणाल्या, "ही खोली बंद पडू देऊ नका. ज्याला जे जमेल ते द्या. एवढंच मागते."

बेकरीवाला सगळ्यांत आधी उठला. त्याने खिसा उलटा केला, मोजलंसुद्धा नाही. मग एकेक जण उठला. डब्याचं झाकण बसेना, तेव्हा औषधवाल्याने दुकानातून खोका आणला.

सगळे गेल्यावर मास्तर मागे राहिले. दाराशी चपलेत पाय घालताना त्यांचा तोल गेला, मावशींनी दंड धरला.

"मावशी, एक सांगू?" ते म्हणाले. "दोन महिने मला झोप नव्हती. उगाच वाटायचं, पाठवायला हवं होतं कुणाला तरी. चुकून तुम्ही तिथे नसलात तर? तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही. आज तुमच्या तोंडून ऐकलं आणि जीव भांड्यात पडला." त्यांनी दुसऱ्या पायात चप्पल चढवली. "होतात ना तुम्ही?"

"होते, मास्तर."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत होते."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा पुन्हा चढवल्यावर ते एकदम तरतरीत दिसायला लागले. "मग उद्यापासून तुमचं नाव परत पाळीत घालू? की थांबायचं थोडे दिवस?"

"घाला. पण मला तिसरा मजला द्या. रोज दिलात तरी चालेल."

"तिसरा? मला वाटलं, तोच नको म्हणाल. त्रास होईल हो तुम्हाला तिथे."

"होईल," मावशी म्हणाल्या, आणि खुर्च्या उचलायला लागल्या.