वेताळाची जागा

होळी उलटली की तुळशीदासांच्या दालनातल्या त्या काचेवर आतून वाफ धरायची.

काच होती भिंतीवरच्या पेटीची, आणि पेटीत होता वेताळाचा मुखवटा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात कोरलेला. रुंद जबडा, बाहेर आलेले दात, काळ्या जाड भुवया आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. वर्षभर काच लख्ख असे. फाल्गुन सरता सरता मात्र एखाद्या सकाळी नेमका त्या जबड्यासमोर वाटोळा डाग दिसे. थंडीत आरशाजवळ तोंड नेऊन कुणी श्वास सोडावा, तसा. तो विरे, पुन्हा उमटे. तुळशीदास रुमालाने काच पुसत. पण डाग आतून असे, त्यामुळे पुसला जात नसे.

"दमट हवा आहे साहेब," एसी बघणारा माणूस म्हणाला होता. त्याने पेटीला चहूबाजूंनी रबर लावून दिलं. पुढच्या वर्षी डाग आलाच. तुळशीदासांनी त्यानंतर कुणाला काही सांगितलं नाही. बँकेच्या संस्थापकाने असल्या गोष्टी बोलायच्या नसतात.

सह्यकडा बँक त्यांनी उभी केली होती. मोखाड्याच्या शाळामास्तरांचा हा मुलगा आधी जव्हारला एका सोसायटीत कारकून होता. तिथे भाड्याच्या खोलीत त्याच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती, आणि त्या ट्रंकेला कुलूप होतं. पाड्यांवरच्या झोपड्यांना कुलूप कुठलं? माणसं कामाला खाली उतरायची तेव्हा जपण्यासारखं जे काही असेल ते या मास्तरांच्या पोराकडे आणून द्यायची. कुणी चांदीचे वाळे, कुणी जमिनीचा कागद. परत आली की वस्तू जशीच्या तशी मिळायची. पुढे तुळशीदास परीक्षा देत देत नाशकात गेला, मुंबईत गेला, सरकारी बँकेत मोठा अधिकारी झाला. नव्वदच्या दशकात खाजगी बँकांना परवानगी मिळाली तेव्हा त्याने नोकरी सोडून स्वतःची बँक काढली. लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

त्या ट्रंकेतली एक वस्तू मात्र परत गेली नाही. तो हा मुखवटा.

बोहाडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना एवढं सांगायला हवं, की होळीनंतरच्या या उत्सवात देव, राक्षस, भुतंखेतं सगळी मुखवटे घालून गावातून नाचत जातात. एकेका सोंगाचा मान एकेका घराचा. त्या घरच्या माणसाशिवाय ते सोंग कुणी डोक्यावर चढवत नाही. करवंदपाड्यावर वेताळाचा मान भिकाच्या घराचा होता. भिका आणि तुळशीदास शाळेत एका बाकावर बसलेले. भिकाने चौथीत शाळा सोडली, दोस्ती सोडली नाही. एका वर्षी तो बायकोला घेऊन खाडीवर रेती काढायला निघाला आणि जाताना मुखवटा घोंगडीत गुंडाळून तुळशीदासच्या खोलीवर आला.

"घरी वाळवी लागलीय. पुढच्या बोहाड्याला येतो, तोवर ठेव," तो म्हणाला. "आणि तोंड भिंतीकडे कर याचं. डोळे मोकळे दिसले की याला वाटतं, कुणीतरी आत येईल. भिंतीकडे तोंड असलं की निजतो."

भिका पुढच्या बोहाड्याला आला नाही. रेतीच्या बोटीवर गेला, तो गेलाच. खाडीत बुडाला म्हणणारे होते, गुजरातेत दुसरा संसार मांडला म्हणणारेही होते. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं. त्याची बायको धोंडीबाई एकटी माघारी आली. तुळशीदास मुखवटा घेऊन तिच्याकडे गेला, तेव्हा तिने हातही लावला नाही. "ज्यानं ठेवला त्यालाच दे," एवढंच म्हणाली. तुळशीदास परत फिरला. खरं सांगायचं तर त्याला ते बरंच वाटलं. मुखवटा सुंदर होता.

बँकेच्या प्रत्येक वर्धापनदिनी तुळशीदास ही गोष्ट सांगत. "ही माझ्याकडे आलेली पहिली ठेव. ठेवणारा आला नाही, पण ठेव आहे. आणि ज्याची त्यालाच मिळेल." टाळ्या पडत. वेताळाचा चेहरा बँकेचं बोधचिन्ह झाला. सगळ्या शाखांच्या दारांवरून तो दोन काळ्या भोकांनी बाहेर बघत राहिला.

यंदा भाषण करताना ते मध्येच अडखळले. "माझा मित्र भिका" म्हणताना नेहमी भिकाचा चेहरा डोळ्यांपुढे येई. या वेळी आला नाही. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. नाक कसं होतं? हसायचा कसा? आठवेना. प्रत्येक वेळी समोर येई तो रुंद जबडा आणि बाहेर आलेले दात. लोकांना वाटलं साहेबांना गहिवरून आलं. टाळ्या जास्तच झाल्या.

त्या आठवड्यात काचेवर डाग आला. या वेळी तो विरला नाही. दिवसभर लहान होई, मोठा होई. लहान होई, मोठा होई. संध्याकाळी तुळशीदासांनी मुलीला बोलावलं. पुष्पलता आता बँकेचा कारभार बघत होती.

"पेटी उघडायला सांग," ते म्हणाले. "मला हा परत द्यायचाय."

"कुणाला, बाबा?"

"तेच बघायला जाऊ."

जव्हार मागे पडलं तेव्हा उन्हं कलली होती. शिरपामाळावर फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. पुष्पलता गाडी चालवत होती आणि मागच्या सीटवर घोंगडी होती. तिला ती आरशात दिसत होती. तुळशीदास पुढे बसले होते, पण दर वळणाला मागे हात नेऊन घोंगडी चाचपत होते.

"संग्रहालयाला दिला असता तर नीट जपला असता त्यांनी," ती म्हणाली.

"जपणं फार झालं," तुळशीदास म्हणाले.

करवंदपाड्यावर मोठ्या बोहाड्याची गडबड होती. देवळापुढची वाट शेणाने सारवून झाली होती. धोंडीबाई ओट्यावर बसून नागलीचं पीठ चाळत होती. पार वाकलेली, पण कपाळावर कुंकू ठसठशीत आणि गळ्यात काळी पोत. तिने मान वर केली, डोळे बारीक केले.

"मास्तराच्या पोरा, म्हातारा झालास रे तू."

पुष्पलता चमकली. वडिलांना कुणी 'अरेतुरे' केलेलं तिने ऐकलं नव्हतं. तुळशीदास मात्र जमिनीवरच बसले.

"तू काय तरुण राहिलीस, वहिनी?"

"माझे दात हायत अजून. तुझे विकतचे दिसतात." ती पुष्पलतेकडे वळली. "ही तुझी पोर? ये बाय, बस. उभ्यानं काय बघतेस, घर पडत नाय."

घोंगडी सोडली गेली. मुखवटा मधोमध होता. धोंडीबाईचा चाळणीवरचा हात थांबला.

"हा घे, वहिनी," तुळशीदास म्हणाले. "माझे दिवस थोडे राहिले. मला हा सोबत घेऊन जायचा नाही."

"तवा सांगितलं तेच सांगते. ज्यानं ठेवला त्याला दे."

"तो कुठे आहे आता?"

"मी हा घेतला म्हणजे तो मेला," ती म्हणाली. तिने कपाळाला बोट लावलं. "हे कुणासाठी लावते मी? माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं नाय. तुझ्या बँकेत एकाची ठेव दुसऱ्याला देतात काय? तूच सांगतोस ना भाषणात? माझा नातू मोबाइलवर दाखवतो."

 कायदे, वारसाचे नियम तुळशीदासांना पाठ होते. एकही या ओट्यावर चालण्यासारखा नव्हता.

धोंडीबाईने मुखवट्याकडे वाकून पाहिलं. मग हळूच विचारलं, "तोंड भिंतीकडेच केलं होतंस ना?"

तुळशीदासांनी घोंगडीचं टोक सारखं केलं.

"सांग की."

"काचेत ठेवला होता, वहिनी. सगळ्यांना दिसावा म्हणून. तोंड लोकांकडे."

"सगळी वर्षं?"

"हो."

"मग निजला कधी तो?"

 ती रागावली असती तर तुळशीदासांना सोपं गेलं असतं. ती रागावली नव्हती. आजारी मुलाच्या आईला विचारावं तसं तिने विचारलं होतं. तुळशीदासांना काचेवरचा डाग आठवला, लहान होणारा, मोठा होणारा. ज्याला आपण इतकी वर्षं जपलं म्हणत होतो, त्याला आपण जागं ठेवलं होतं.

"म्हणून माझा घरधनीबी फिरतो," धोंडीबाई स्वतःशीच म्हणाली, आणि पुन्हा पीठ चाळू लागली. "पहाटे वेताळाची पाळी येईल. त्याच्या हातात दे. मग मला काय ते कळंल."

वामन संबळ्याने पुष्पलतेला ते समजावून सांगितलं. तो देवळामागे जाळाशी संबळ शेकवत बसला होता. चामडं तापलं की बोटाने टिचकी मारून ऐकायचा.

"भिका गेला तवापासून वेताळाचं सोंग नाय आमच्यात, ताई. पण पाळी चुकवत नाय. माझा बाप त्याची चाल वाजवायचा, मीबी वाजवतो. पुढं पेटता टेंभा चालतो, मागं आम्ही वाजवणारे. मधली जागा मोकळी."

"मोकळी जागा चालते?"

"चालते ना. माणसं बाजू देतात तिला."

"आणि तुम्हाला काही दिसतं?"

वामन हसला. "मी संबळाकडं बघतो, ताई. वर बघितलं की ताल चुकतो."

सोंगं येत राहिली, जात राहिली. पुष्पलतेने वडिलांना दोनदा म्हटलं की गाडीत जाऊन पडा. ते मांडीवर घोंगडी घेऊन धोंडीबाईशेजारी बसून राहिले. पूर्वेकडचा डोंगर राखाडी झाला, कोंबडे ओरडू लागले, आणि संबळाची चाल बदलली.

जड, थांबत थांबत येणारी चाल. तुळशीदासांच्या पायांना ती आधी कळली, कानांना नंतर. दर फाल्गुनात मुंबईच्या घरात त्यांचे पाय असेच आपोआप हलत आणि डॉक्टर त्यावर गोळी देत.

वाटेच्या टोकाला टेंभा दिसला. त्याच्यामागे कुणी नव्हतं. बऱ्याच मागे वाजवणारे. आणि मधल्या जागेसाठी माणसं सरकत होती. बायका पोरांना मागे ओढत होत्या, एका म्हाताऱ्याने पसरलेले पाय आखडून घेतले. कुणी घाबरलेलं नव्हतं. ओळखीचं माणूस ओझं घेऊन येत असावं, तशी वाट दिली जात होती.

"ऊठ," धोंडीबाई म्हणाली.

पुष्पलतेने दंड धरला. तुळशीदासांनी तो सोडवून घेतला. टेंभा पुढे गेला. ते वाटेच्या मधोमध आले आणि मुखवटा दोन्ही हातांवर घेऊन उभे राहिले. त्याचं तोंड त्यांनी स्वतःच्या छातीकडे केलं होतं.

"भिका," ते म्हणाले. भाषणातला आवाज निघाला नाही. शाळेतला निघाला. "घे रे बाबा. उशीर झाला. आणि मी याला निजू दिलं नाही."

संबळ वाजत होतं. समोर धूर होता, धुराला ओल्या मातीचा, खाडीच्या पाण्याचा वास होता. करवंदपाड्यापासून खाडी केवढी लांब.  आपण म्हातारे आहोत, वाटेत उभे आहोत, आणि सगळा गाव बघतो आहे, हे त्यांना एकदम जाणवलं.

मग हातांवरचं वजन गेलं.

कुणी हिसकावलं नाही. दमलेल्या माणसाच्या हातातून ओझं घेतात, तसं ते वर उचललं गेलं. तुळशीदासांनी डोळे मिटले. अगदी जवळून कुणीतरी गेलं. उघड्या खांद्याची ऊब त्यांच्या बाहीला लागली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा टेंभ्याच्या मागे, माणसाच्या उंचीवर, मुखवट्याची पाठ पुढे चालली होती. धुरामुळे खाली काही दिसत नव्हतं. चाल मात्र दिसत होती, उजवा पाय किंचित फेकत टाकलेली. भिका लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासून तो असाच चालायचा. आणि त्या पायासरशी सगळा चेहरा परत आला: बसकं नाक, कानाची तुटकी पाळी, आणि हसताना आधी मिटणारे डोळे.

उजाडलं तेव्हा मुखवटा देवळाच्या पायरीवर होता. तोंड भिंतीकडे.

"बाबा, कुणी घेतला होता तो?" पुष्पलतेने विचारलं. "माझ्यासमोर माणसं होती, मला नीट दिसलं नाही." तिचा आवाज मात्र सगळं नीट पाहिलेल्या माणसाचा होता. वामन संबळाचे दोर सैल करत होता. त्याने मान वर केली नाही.

तुळशीदासांनी तळवे पाहिले. मुखवट्याची आतली बाजू जिथे टेकली होती, तिथे ते ओले होते. काचेवरच्या वाफेसारखे.

धोंडीबाई काठी टेकत पायरीशी आली. मुखवट्याजवळ बसली. बराच वेळ त्याच्या पाठीवरून, लाकडावरून हात फिरवत राहिली. मग पदराचं टोक घेऊन तिने कपाळ पुसलं. घाई न करता, जेवण झाल्यावर तोंड पुसावं तसं. गळ्यातली पोत काढली आणि मुठीत धरून ती उगवतीकडे बघत राहिली.

तुळशीदास तिच्याजवळ गेले. काय करावं न कळून, उभ्या आयुष्याच्या सवयीने, त्यांनी पोत घ्यायला हात पुढे केला.

धोंडीबाईने त्या हाताकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, तरी ती हसली.

"तुला नाय देत, मास्तराच्या पोरा," ती म्हणाली. "तू ठेवून घेतोस."