दांडीवरचा हात

सकाळपासून ईरम्माचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेंगाचटणी कुटायला घेतली तर उखळाशी बसवेना, चहा ठेवला तर उतू गेला, अन् तो पुसायचा सोडून बाई पुन्हा दारात. दारासमोर शेडमध्ये तिची सवत उभी होती. सवत कसली, फोर्ड. १९३० सालची, काळी, कापडी टपाची. आज ती पुण्याला जायची होती. नवऱ्याच्या, सिद्धलिंगप्पाच्या खांद्यात आता जोर उरला नव्हता, पोरगा बेंगळुरात, त्याला गाडीचं सोयरसुतक नव्हतं. म्हणून गाडी विकली. न्यायला दिग्विजय नावाचा माणूस ट्रक घेऊन येणार होता.

ही गाडी आली कुठून, असं सिद्धलिंगप्पाला कुणी विचारलं तर माणूस जेवण विसरायचा. पहिलं महायुद्ध संपलेलं, दुसरं अजून लागायचं होतं, त्या मधल्या वर्षांत अशा गाड्या बोटीनं मुंबईला उतरायच्या. सोलापुरात तेव्हा गिरण्या जोरात होत्या. एका गिरणीतल्या गोऱ्या इंजिनिअरानं ही घेतली. दुसरं युद्ध पेटलं तसा साहेब मायदेशी गेला अन् गाडी सिद्धलिंगप्पाच्या आजोबांच्या दारात आली. युद्धात पेट्रोल मिळेना, तर आजोबांनी मागं भट्टी बांधून ती कोळशाच्या गॅसवर पळवली म्हणे. हे सगळं ईरम्माला पाठ होतं. तिच्या लग्नाच्या दिवशी मात्र गाडीचं इंजिन उघडून पडलं होतं आणि नवरी माहेराहून, वळसंगहून, एसटीनं आली, हे तो कुणालाच सांगत नसे.

पुढं त्या गाडीतून साऱ्या पेठेच्या वराती निघाल्या. आडत्यांच्या सुना मिरवल्या, सराफांच्या लेकी मिरवल्या. ईरम्मा कधी मिरवली नाही.

आता गंमत ऐका. गाडीचा सेल्फ कधीचाच मेलेला, म्हणजे पुढून हँडल मारूनच ती चालू करायची. अन् हँडल मारताना आत दुसरं माणूस लागायचंच, स्टेअरिंगखालच्या स्पार्कच्या दांडीवर हात ठेवायला. दांडी वर असली तर ठीक. खाली राहिली तर हँडल असं उलटं फिरतं की मनगटाचे दोन तुकडे. तो दांडीवरचा हात लग्नापासून ईरम्माचा. दर रविवारी ती स्टेअरिंगमागं बसायची, स्विच टाकायची, दांडी वर धरायची, इंजिनानं दम धरला की हळूच खाली आणायची. मग तो दार उघडून म्हणायचा, उतर. ती उतरायची, पळत जाऊन फाटक उघडायची अन् गाडी गेली की पुन्हा लावून घ्यायची. नवऱ्याचं मनगट तिनं शाबूत ठेवलं, तिच्या वाट्याला नुसता धूर आला.

गाडी जाणार हे ठरल्यापासून ती वाट बघत होती. आज विचारतील, उद्या विचारतील, चल म्हणतील. आपण होऊन तोंड उघडायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं. मागून घेतलेल्या फेरीत कसली आलीय गोडी? सिद्धलिंगप्पा मात्र दिवसभर गाडी पुसायचा, मधूनच डोळे पुसायचा, अन् बायको दिसली की फडकं धुवून आण म्हणायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

दुपारी दिग्विजय आला. ट्रक गल्लीच्या तोंडाशी ठेवून तो फाटकाशेजारच्या लहान दारानं आत शिरला. भला माणूस, काका-काकू करून पाया पडला. एकदा इंजिन ऐकवा म्हणाला. ईरम्मा नेहमीसारखी आत बसली. सिद्धलिंगप्पानं हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं आणि खांदा धरून तो उभा राहिला. काचेतून त्यानं बायकोकडं बघितलं.

"स्विच टाकलास का?"

"न्हाय."

तो दारापाशी आला. दिग्विजयसमोर शोभा नको म्हणून हळू आवाजात, काय झालं म्हणून विचारलं.

"ह्या गाडीत मी कवा बसले, तेवढं सांगा."

सिद्धलिंगप्पा गोंधळला. "तू? तू तर दर रविवारी बसतीस की."

थट्टा नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं. तो लबाड असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"बसते," ती म्हणाली. "पर गाडी हलायच्या आत उतरते. जन्मभर तुमचं मनगट संभाळलं, अहो. एकदा मला वळसंगच्या रस्त्यानं न्या. मग जाऊ दे हिला कुटं जायचं तितं."

तो दिग्विजयकडं गेला आणि मान खाली घालून म्हणाला, एक फेरी मारून आणू का? स्वतःच्या गाडीसाठी त्यानं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. दिग्विजय म्हणाला, काका, असं काय विचारता, मी थांबतो की.

सिद्धलिंगप्पा पुन्हा हँडलाशी वाकला. दांडी वर आहे का, हे त्यानं विचारलं नाही, बघितलंही नाही. एवढं बोलणं झाल्यावरही नाही. ईरम्मानं स्विच टाकला, दांडी वर घट्ट धरली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

तो दाराशी आला तोवर ती डावीकडं सरकून, पदर सावरून बसलेली. तो चढला, गिअर टाकला, गाडी फाटकापर्यंत आली अन् थांबली. स्टेअरिंगवर हात ठेवून तो वाट बघत राहिला. ईरम्मा सरळ समोर बघत होती.

"फाटक," तो म्हणाला.

"दिसतंय की मला."

मग त्याच्या ध्यानात आलं. तो मुकाट्यानं उतरला, फाटकाशी गेला. कडी ओढली, निघेना. हलवली, ढकलली, निघेना. ती आधी वर उचलून मग ओढायची असते, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं. दिग्विजय मदतीला पुढं झाला.

ईरम्मानं गाडीतून मान बाहेर काढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"राहू दे बाळा," ती म्हणाली. "त्यांनाच उघडू दे."