दोन झटके

मित्रांनो, मी एक जुनी आगबोट आहे. पूर्णगडासमोर सहा वाव खोल पाण्याखाली कुशीवर पडले आहे. गंजानं माझं अंग खाल्लं, पण कान अजून शाबूत आहेत.

समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार अंथरणं हे माझं काम. माझ्या पोटातल्या टाक्यांमध्ये मैलोन्‌मैल तार वेटोळी करून ठेवलेली असे. मला बघायला बंदरावर गर्दी लोटायची. काय तो माझा तोरा! टाकीत उतरून तार सोडायचं काम पूर्णगडच्या गंगारामचं. तार अडकली की तो दोरी दोनदा ओढी. वर घंटा वाजे आणि माणसं धावत.

एका वादळात मी खडकावर आपटले. सगळे होड्यांत उतरले. टाकीचं झाकण अडकून बसलं होतं. आत राहिलेल्या गंगारामनं दोरी दोनदा ओढली. घंटा वाजली. पुन्हा दोनदा. कोणी आलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

आणि खरं सांगू? दोरी कधीच कुजली, घंटा गाळात रुतली, तरी ती दोनदा वाजायची. मासेसुद्धा थबकायचे.

गेल्या महिन्यात धाकू आणि त्याचा मुलगा बाबू यांचं नवंकोरं जाळं माझ्यात अडकलं. बाबूनं कमरेला दोर बांधला.

"दोन झटके दिलेस की खेचतो," धाकू म्हणाला. "त्याआधी नाय. उगाच खेचला तर पत्र्यावर आपटशील."

बाबू खाली आला आणि त्याचे दोन्ही हात जाळ्यात गुरफटले. दोर नुसता लोंबत राहिला. बाबूच्या तोंडातून बुडबुडे सुटले. मी जिवाच्या आकांतानं करकरले, पण वर कोण ऐकणार?

तेवढ्यात टाकीच्या भोकातून काहीतरी बाहेर आलं. हात म्हणावा तर हात नव्हता. बाबूचा दोर दोनदा हलला.

धाकूनं सगळं बळ लावलं. जाळं टराटरा फाटलं आणि बाबू वर गेला.

"मेल्या, किती उशिरा दिलेस झटके!" धाकू रडत ओरडला.

"आबा, हात अडकलेले माझे. मी नाय दिले."

धाकूनं हातातला दोर खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "खेचताना दोघांचं वजन लागलं रे."

ते किनाऱ्याकडे वळले. होडीत दोघंच होते, पण ती एका बाजूला चांगलीच कलली होती.

त्या दिवसापासून घंटा वाजलेली नाही. टाकी रिकामी आहे. मला करमत नाही, पण लाज थोडी हलकी झाली. मित्रांनो, खालून कोणी दोर ओढला, तर तो आपला आहे की परका हे विचारत बसू नका. आधी खेचा. माझ्या माणसानं फार वर्षं वाट पाहिली.