गाठीची वाटणी

रस्ते सरकारचे होते, पण त्यांची वाटणी झाली ती एका क्रेनवाल्याच्या घरात, त्याच्या दोन मुलांमध्ये. तीसुद्धा कात्रीने.

बाप होता तोवर प्रश्नच नव्हता. राज्यातल्या चारही हमरस्त्यांवर कुठेही गाडी उलटली की बापाची क्रेन निघायची. थोरला हूक लावायचा आणि धाकटा साखळी ओढायचा. बाप गेला आणि दोघांचं असं बिनसलं की एकमेकांचं तोंड बघेनात. शेवटी आईने भिंतीवरचा राज्याच्या रस्त्यांचा नकाशा उतरवून फरशीवर पसरला. उत्तरेचा आणि पश्चिमेचा रस्ता थोरल्याला, दक्षिणेचा आणि पूर्वेचा धाकट्याला. आता सांगा, रस्ता काय बापाचा होता? पण हे दोघं मांडी घालून असे बसले होते, जणू घरची जमीनच मोजतायत.

कात्री मधोमध आली आणि अडली. चारही रस्ते जिथे एकमेकांच्या डोक्यावरून आणि पोटाखालून जातात, त्या उड्डाणपुलांच्या भेंडोळ्याला सगळे गाठ म्हणायचे. गाड्या सगळ्यात जास्त आपटायच्या त्या तिथेच. गाठ कोणाची? "ती तुम्ही दोघं मिळून बघा," आई म्हणाली. आईला काय, बोलून मोकळी झाली.

मिळून बघतील कसले? गाठीवर गाडी आपटली की दोन्ही क्रेन दोन बाजूंनी सुसाट निघायच्या. शिव्या, धक्काबुक्की, काचा फोडणं, सगळं झालं. पोलिसांनी वैतागून एक रीत पाडून दिली: आम्ही पोचू तेव्हा ज्याची साखळी गाडीला लागलेली आणि ताणलेली असेल, गाडी त्याची. साखळी सैल दिसली की हक्क गेला. त्यामुळे दोघं भाऊ आधी हूक अडकवायचे आणि मग गाडीत काय आहे ते बघायचे. कुणी मेलंय की जगलंय हे बघणं दुसऱ्या नंबरवर गेलं. लाज वाटावी अशी गोष्ट, पण तिची दोघांना सवय झाली होती.

त्यात धाकट्याने मागच्या उन्हाळ्यात एक डाव खेळला. थोरल्याने एका टँकरला साखळी ताणून धरलेली. धाकटा धावत आला आणि ओरडला, "दादा, गॅस गळतोय, सोड लवकर." थोरल्याने घाबरून साखळी सोडली, लांब पळाला. वळून बघतो तर धाकट्याचा हूक लागलेला आणि धाकटा दात काढून हसतोय. त्या दिवशी थोरल्याच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती तिथेच राहिली.

आणि मग तो ट्रक आला. भरदुपारी, सळया लादलेला. गाठीच्या वरच्या वळणावर त्याने कठड्याला धडक दिली आणि केबिन कठड्याच्या भगदाडात तिरपी अडकून बसली. खालून दक्षिणेचा रस्ता वाहत होता. थोरला आधी पोचला. मागच्या आसाला हूक घातला, क्रेनच्या बाजूचा दांडा दाबून साखळी ओढून घेतली आणि दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. शेजारी त्याचा मेव्हणा, हातात लोखंडी पहार घेऊन. मेव्हण्याचं काम एकच, धाकट्याला जवळ येऊ न देणं.

धाकटा दुसऱ्या टोकाने आला. मागून जमत नाही म्हणून पुढून हूक घालायला तो कठड्यावर चढला, फुटलेल्या काचेतून आत वाकला आणि थिजला.

ड्रायव्हर जिवंत होता. पिकल्या मिशांचा, आपल्या बापाच्या वयाचा माणूस. स्टिअरिंग त्याच्या छातीवर येऊन बसलं होतं. मागे साखळी कुरकुरली तसा केबिनचा पत्रा कठड्याच्या सळयांवर चेपला आणि स्टिअरिंग आणखी आत गेलं. माणसाच्या तोंडातून रक्ताचा फेस आला. त्याने धाकट्याचं मनगट पकडलं.

"मागून कोण ओढतंय?" तो म्हणाला. "थांबव त्याला. छातीवर येतंय."

ट्रक खाली जायची भीती नव्हती, मागच्या सळयांचं वजनच एवढं होतं. फक्त साखळी ढिली व्हायला हवी होती, एवढंच.

"दादा, साखळी सोड. माणूस जिवंत आहे," तो ओरडला.

"हो का?" थोरला म्हणाला. "आणि गॅस नाही का गळत आज?"

"आईशप्पथ सांगतो. गाडी तुझी. अख्खी गाठ तुझी. सोड फक्त."

"पोलीस येऊ देत, मग सोडतो." आणि त्याने दांडा आणखी दाबला.

केबिनमधून जो आवाज आला तो माणसाचा होता, पण इंजिनाच्या घरघरीत थोरल्यापर्यंत तो पोचला नाही. धाकट्याने मनगट सोडवून घेतलं. त्या माणसाची बोटं एकेक करून उलगडावी लागली. मग खाली उडी मारून तो क्रेनकडे धावला.

मेव्हणा आडवा आला. "पाहुणे, बाजूला व्हा. तिकडे माणूस मरतोय," धाकटा म्हणाला. मेव्हण्याने उत्तर म्हणून पहार फिरवली. ती खांद्यावर बसली आणि धाकट्याचा डावा हात लुळा पडला. दुसरा फटका बसायच्या आत तो मेव्हण्याच्या अंगावर गेला, डोकं त्याच्या नाकावर आपटलं, पुन्हा आपटलं. नाक फुटल्याचं त्याला कपाळाला कळलं. दोघं गरम डांबरावर लोळले. मेव्हण्याने त्याचा गळा धरला, तर धाकट्याने त्याच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की दात हाडाला लागले. मेव्हणा किंचाळला, पकड सुटली. धाकट्याने त्याचे केस धरून डोकं रस्त्यावर आदळलं. मेव्हणा पडला तो हललाच नाही. पहार धाकट्याच्या हातात आली.

थोरला दांड्याशीच होता. भावाचं रक्ताने माखलेलं तोंड बघूनही त्याने हात काढला नाही. उलट दोन्ही पाय रोवले.

"मार," तो म्हणाला. "मारायचंय ना? मार. गाठ नाही सोडत मी."

पहिला घाव मनगटावर बसला. थोरल्याच्या तोंडातून हुंकार निघाला, पण पकड तशीच. दुसऱ्याला बोटं उघडली आणि हात दांड्यावरून खाली आला. तिसरा त्या खाली आलेल्या हातावर बसला, क्रेनच्या लोखंडी कडेवर. पाचही बोटांचा चेंदा झाला. थोरला गुडघ्यावर बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

धाकट्याने दांडा उलटा दाबला. साखळी सुटून रस्त्यावर पडली.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. ड्रायव्हरला पत्रा कापून काढला. बरगड्या गेल्या होत्या, पण तो जगला. त्याचे मुलगे धाकट्याच्या घरी येऊन पाया पडून गेले, आणि धाकट्याने पाय आत ओढून घेतले.

थोरल्याचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "साखळी तुटून लागली." मेव्हण्यालाही तेच बोलायला लावलं. धाकट्यावर केस झाली नाही. आईने दोघांशीही बोलणं टाकलं.

थोरल्याची क्रेन दारात उभी राहिली. धाकटा तिच्यासमोरून जायचं टाळायला लांबचा रस्ता धरायचा. मग एका सकाळी फोन वाजला. वहिनी होती.

"भाऊजी, उत्तरेच्या रस्त्यावर गाडी उलटलीय. लोक अजून ह्यांच्याच नंबरावर फोन करतात. तुम्ही जा."

"वहिनी, तो रस्ता दादाचा आहे."

"कसला दादाचा? सगळे तुमचेच आता." तिचा आवाज चढला नाही. "ठेवते. ह्यांच्या शर्टाची बटणं लावायची राहिलीत."

"दादा काय म्हणाला?"

पलीकडून थोरल्याचा आवाज आला, जवळूनच, तिच्या हातांसमोर उभा असल्यासारखा.

"विचार त्याला," तो म्हणत होता. "दुसऱ्या घावालाच दांडा सोडला होता मी. मग तिसरा कशाला घातला?"

वहिनीने ते धाकट्याला पुन्हा सांगितलं नाही. तिला माहीत होतं, त्याला ऐकू गेलंय. ती फोन धरून उत्तराची वाट बघत राहिली.