मंदाच्या सिंहाचा डोळा

मंदाच्या सिंहाचा डोळा दोन ओळी आधीच आला, हे मी पाहिलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. मुद्दामच.

शहाण्णव सालची गोष्ट. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पेमाताईंनी चार माग लावले होते. ताई तिबेटी. त्यांच्याकडचे लोकरीचे गालिचे त्यांनीच आम्हा बायकांना शिकवले. उभ्या दोऱ्यांसमोर लोखंडी सळई आडवी धरायची, एकेका दोऱ्यातून लोकर घेऊन सळईवर वेढे देत जायचं, ओळ भरली की वेढे सुरीने कापायचे. मग आडवा दोरा घालून लोखंडी पंज्याने ठोकायचं. विणलेला भाग खाली सरकत मागाच्या पाठीमागे जातो. गालिचा उतरेपर्यंत तो कसा झालाय ते कळत नाही.

मोठ्या गालिच्यावर दोघी बसतात. डावी बाजू मंदाची, उजवी माझी. दोन पांढरे सिंह, हिरव्या आयाळीचे, समोरासमोर. ताईंचा कायदा एकच होता. नक्षी बिघडवली त्या बाईने मागावरून उठायचं आणि अर्ध्या मजुरीवर लोकर गुंडाळायला बसायचं. आमच्यातली रश्मी अशी बसली ती दोन वर्षं तिथेच होती.

सिंहांची पोटं चालू असताना आमचं फाटलं. मंदाच्या भाचीसाठी मी माझ्या भावाचं, गणेशचं, स्थळ सुचवलं. मंदा सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "मुलगा पितो, वैजे. नको." पितो तो, खोटं कशाला बोलू? पण चारचौघींत म्हणायचं काय अडलं होतं? त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. एका फळीवर, खांद्याला खांदा लावून, सतरा दिवस. सगळा राग त्या पंज्यावर निघत होता. "वैजयंता, धीरे," असं ताई एकदा ओरडल्यासुद्धा.

सहाव्या दिवशी मंदाने डोळ्याची काळी लोकर घेतली. मी समोर टांगलेल्या नक्षीच्या कागदावर चौकोन मोजले, एका ओळीला एक. अजून दोन ओळी बाकी होत्या. एका शब्दाने काम झालं असतं. मी मान खाली घातली. बस जाऊन रश्मीशेजारी, मग कळेल.

गालिचा उतरवायचा दिवस आला. मंदाचा नवरा घरीच बसलेला, दोन पोरं शाळेत. तिचा माग गेला तर काय, हे मला अकरा दिवसांत सुचलं नव्हतं, आज सुचत होतं. ताईंनी दोरे कापले. चौघींनी धरून गालिचा जमिनीवर पसरला. मंदा शांतपणे त्यावरचा लोकरीचा भुगा झाडत होती. आता सांगावं का? पण आता सांगून काय उपयोग?

ताई गुडघ्यांवर बसल्या. खालच्या काठापासून डोळ्यापर्यंत टेप लावली. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"बराबर," त्या म्हणाल्या.

बरोबर? मला काही कळेना. दोन ओळींचा फरक गेला कुठे?

मग त्यांनी पूर्ण लांबी मोजली. डावी बाजू ठीक. उजवी एक बोट कमी. माझी बाजू! ताईंनी गालिचा उलटा केला आणि पाठीवरून सिंहांच्या ओळी नखाने मोजल्या.

"मंदा, तेरा दो लाइन कम है. किधर गया?"

"मी गाळल्या, ताई," मंदा म्हणाली. "वैजीची बाजू ठोकून ठोकून दबत चालली होती. माझा सिंह वर चढला असता. म्हणून पोटातल्या दोन ओळी सोडल्या आणि सिंहाच्या वरच्या मोकळ्या जागेत भरून काढल्या."

"मेरे को क्यों नहीं बोली?"

"बोलले असते तर तुम्ही हिला उठवलं असतं."

ताईंनी आखूड बाजूचा काठ हाताने ओढून बघितला. मग म्हणाल्या, "पानी मारके कील पे तानेंगे. एक उंगली निकल जाएगा." गालिचा वाचला होता.

मला राहवलं नाही. "मंदे, मी पाहिलं होतं. तुझी चूक समजले. तुला उठवावं म्हणून गप्प बसले."

सगळ्या बायकांसमोर बोलले. लाजेने माझी मान वर होत नव्हती.

"ठाऊक आहे," मंदा म्हणाली. "तू चौकोन मोजताना मी बघितलं ना. मला वाटलं, चूक दिसली की तू खेकसशील माझ्यावर. त्या निमित्ताने तरी बोलशील. अकरा दिवस वाट बघितली गं."

ताईंनी काही सांगायच्या आत मी उठले आणि रश्मीशेजारी लोकर गुंडाळायला जाऊन बसले. मंदाने दोनदा हाक मारली. मी मान न वळवता लडीचं टोक शोधत राहिले.